जिथं पट्टी जोडली होती

गोधडी पिळायला दोन माणसं लागतात. समोरासमोर उभं राहून दोघांनी एकेक टोक धरायचं आणि आपापल्या उजव्या हाताकडं पिळायचं. मी दरवेळी डावीकडं पिळायचो. म्हणजे ती जेवढा पीळ द्यायची, तेवढा माझ्याकडून सुटायचा.

"अहो, पिळताय का सोडताय?" ती म्हणाली. लग्न झाल्यापासून हेच म्हणत आली होती.

मी हात बदलला. पाणी भदाभदा खाली आलं, तिची पावलं भिजली, ती हसली. मग तोंडातल्या तोंडात तिचं ते नेहमीचं गाणं म्हणत गोधडी माझ्या खांद्यावर टाकून आत गेली. तारेवर मी टाकली. आम्ही दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम. दिवस मावळायच्या आत तिच्या छातीत कळ आली आणि दवाखाना येईस्तोवर सगळं संपलं. त्यावर यापेक्षा जास्त मला लिहिता येत नाही.

मी वैजापूरचा. सातवी नापास. जन्मभर टेम्पो चालवला, मार्केट यार्डातून कांदा नेला, कापूस नेला. लिहायची सवय नाही. पण परवा मी संभाजीनगरला जाऊन आलो आणि आल्यापासून आळीतलं प्रत्येक माणूस विचारतंय, "काय बघितलं तिथं?" प्रत्येकाला वेगळं सांगायची ताकद नाही. म्हणून एकदाच लिहून काढतो. ज्याला वाचायचं त्यानं वाचावं.

आधी माझ्या बायकोचं वेड सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. तीसेक वर्षांपूर्वी एक गाणारी पोरगी लई गाजली होती. आखूड केस, डोळ्यावर गॉगल, पायात बूट. नाव लिहीत नाही, ज्याला कळायचं त्याला कळेल. तिची एक कॅसेट आमच्या घरात आली आणि बायको तिच्यापायी वेडी झाली. पेपरातला तिचा फोटो कापून पिठाच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवला. तिच्या वाढदिवसाला घरात शिरा व्हायचा. माझ्या वाढदिवसाची तारीख मलाच माहीत नाही, पण तिचा शिरा मी दरवर्षी खाल्ला.

एकदा विचारलं, "शोभाची माय, ती आपली कोण लागते?"

"कोण नाय," ती म्हणाली. "म्हणून तर. लागत असती तर तिचंबी उष्टं-खरकटं काढावं लागलं असतं."

मागल्या हिवाळ्यात ती डोळ्याच्या ऑपरेशनसाठी पुंडलिकनगरला शोभाकडं, म्हणजे आमच्या लेकीकडं, राहिली होती. तेव्हा केतकी नावाची एक पोरगी शहरात त्या गायिकेचे भक्त शोधत फिरत होती. ज्यांना ती कॅसेट पहिल्यापासून शेवटपर्यंत तोंडपाठ आहे असे. एकेकाला खोलीत एकटं बसवायचं, कानात गाणं लावायचं, त्यानं सोबत मोठ्यानं गायचं आणि ते सगळं व्हिडिओत घ्यायचं. शोभानं आईचं नाव दिलं. बायको गाऊन आली. घरी आल्यावर मला एवढंच म्हणाली, "खोलीत पंखा नव्हता. पण माझं एक अक्षर चुकलं नाय." मी म्हटलं बरं. विषय संपला.

ती गेल्यावर चार महिन्यांनी शोभाचा फोन आला.

"बाबा, आईचं ते गाणं इथं लावलंय. उद्या शेवटचा दिवस आहे. मग ते लोक सगळं गुंडाळून दुसऱ्या गावाला नेणार."

"आवाज हाय का त्यात तिचा?"

"आवाजच आहे बाबा."

"तू येतीस?"

"मी एकदा जाऊन आले. परत नाही जमायचं मला."

आमच्या घरात बायकोचा फोटो आहे, हार घातलेला. आवाज कुठंच नाही. माझा फोन बटणांचा. तिला कधी कुठं भरून ठेवायचं असतं हे डोक्यातच आलं नाही, ती तर दिवसभर घरात बोलतच होती. मी चौकातल्या मोबाइलवाल्याकडून एक पेन ड्राइव्ह आणला, रुमालाच्या टोकाला गाठ मारून बांधला. ठरवलं, आवाज घरी आणायचा. काय वाट्टेल ते होवो.

सकाळची एसटी धरली. खिडकीची जागा मिळाली. ह्या रस्त्यानं मी आयुष्यभर गेलो, पण स्टिअरिंगवर. खिडकीतून बघायला तो रस्ता वेगळाच वाटला. बाजूला कांद्याच्या चाळी, कपाशीची वाळकी झाडं, मधेच कुणीतरी पऱ्हाट्या (कपाशीच्या वाळक्या काड्या) पेटवलेल्या, त्याचा धूर. गंगापूरला गाडी थांबली. दोन रुमालवाले म्हातारे चढले, एक माझ्याशेजारी बसला.

"कुठं पावणं?"

"संभाजीनगर."

"दवाखाना का कोर्ट?"

"नाय. गाणं ऐकायला."

त्यानं माझ्याकडं नीट बघितलं. माझ्या वयाच्या माणसानं दवाखाना आणि कोर्ट सोडून शहरात जायला त्याला दुसरं कारण दिसेना. "एकटेच?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "व्हय." मग तो झोपी गेला आणि वाळूजपर्यंत माझ्या खांद्यावर डोकं टाकून घोरला. मी हलवलं नाही. चार महिन्यांत माझ्या इतक्या जवळ कुणी झोपलं नव्हतं.

वाळूजच्या कारखान्यांच्या भिंती गेल्या, छावणी गेली, शहर लागलं. बसस्थानकावर उतरलो तर उन्हाचा चटका. बाहेर रिक्षावाल्यांनी घेरलं. दाढीवाला, तरणा एक जण म्हणाला, "चचा, किधर जाना?"

मी म्हटलं, "वो बडे पडदे पे व्हिडिओ दिखाते ना, गाने का, उधर."

"समझ गया, बैठो."

त्यानं मला नेऊन सोडलं ते सिनेमाच्या मोठ्या इमारतीपुढं. काचेचे दरवाजे, थंड हवा, मक्याच्या लाह्यांचा वास. दारावरच्या पोरानं कुठला शो म्हणून विचारलं. मी म्हटलं, "माझ्या बायकोचा." तो हसू लागला आणि माझं तोंड बघून हसायचा थांबला. मी बाहेर आलो तर रिक्षा अजून उभीच.

"क्या चचा, हाउसफुल?"

"अरे बाबा, सिनेमा नक्को मेरे को." मग शोभाला फोन लावून त्याच्या हातात दिला. तो ऐकत गेला तसा त्याचा चेहरा बदलत गेला. फोन परत देताना म्हणाला, "पहले बोलना था ना चचा." मग जुन्या मोंढ्यापर्यंत त्यानं गाडीतला टेप बंद ठेवला.

मोंढा म्हणजे धान्याचा बाजार. जुन्या मोंढ्यात मी कधीकाळी भुसार माल उतरवला आहे. आता तिथं निम्मी दुकानं वेगळ्याच मालाची. ज्या गोदामात तिचं गाणं लावलं होतं त्याच्या दाराला कुलूप. कागद लावलेला, दुपारी जेवणाची सुट्टी. म्हणजे मलाही जेवायला हरकत नव्हती.

शहागंजाकडं चालत गेलो आणि एका खानावळीत बसलो. तिथं नान-खलिया मिळतो. (खलिया म्हणजे मटणाचा पातळ तिखट रस्सा. नान भाकरीपेक्षा मोठा, वरून हळदीनं पिवळा केलेला.) टेम्पो घेऊन मी यायचो तेव्हा कधी बायको सोबत असायची, तेव्हा आम्ही दोघांत एक नान घ्यायचो. ती कडा खायची, मी मधला भाग. कडा कडक असते, ती मला चावत नाही.

पोऱ्यानं विचारलं, "क्या होना, चचा?"

"एक नान, एक खलिया."

आख्खा नान समोर आला. मधला भाग खाल्ला. कडा गोल तशीच ताटात राहिली. पोऱ्या ताट उचलायला आला आणि म्हणाला, "चचा, पसंद नहीं आया क्या?" मी म्हटलं, "आया. किनार मेरी नहीं है." त्याला काय कळायचं. त्यानं ताट नेलं.

परत आलो तेव्हा गोदाम उघडं होतं. आत अंधार आणि गारवा. खाली फरशीवर बसायला पोती अंथरलेली, कापूस भरून शिवलेली. समोरच्या लांब भिंतीवर एका ओळीत पडदे आणि प्रत्येक पडद्यावर एकेक माणूस, खांद्यापासून वर, कानाला ते मोठे हेडफोन. एक रिक्षावाला, एक नर्स, एक टक्कल पडलेला मास्तरासारखा माणूस, एक बुरख्यातली बाई, एक पैलवान गडी. आणि डावीकडून चौथी, माझी.

ऑपरेशनचा काळा चष्मा काढून ती बसली होती. डोक्यावर पदर. खाली पाटी, विमलबाई. हे नाव मी स्वतः कधी घेतलं नाही. भिंतीवर दिव्याच्या अक्षरात बघून एखाद्या ओळखीच्या माणसाचं खरं नाव पहिल्यांदा कळावं तसं झालं.

केतकी धावत आली. बारीक पोरगी, कपाळावर घाम. "काका, शोभाताईंनी फोन केला होता. बसा ना. आता पहिल्यापासून सुरू करते."

"ती गायिका कुठाय?" मी विचारलं.

"ती नाहीच दिसत काका. तिचा आवाज, वाजंत्री, सगळं काढून टाकलंय. ते फक्त ह्यांच्या कानात वाजत होतं. आपल्याला नुसते हे लोक ऐकू येतात. प्रत्येक जण एकेकटा गायलाय, पण एकाच गाण्यावर, म्हणून सगळे एकत्र गातात असं वाटतं."

सुरू झालं. मला गाण्यातलं काही कळत नाही. पण एवढे लोक, कुणाचा सूर वर, कुणाचा खाली, पैलवानाचा तर फाटका, आणि सगळ्यांच्या डोळ्यात एकच माणूस, जे तिथं नव्हतंच. आमच्या पिठाच्या डब्यातलं येड एवढ्या घरांत होतं, हे मला माहीत नव्हतं. नर्स हात वर करून नाचत होती. मास्तर डोळे मिटून. माझी मात्र सरळ बसलेली, पोळ्या लाटताना बसते तशी, आणि एक-एक शब्द स्वच्छ. तिचा आवाज मला त्या सगळ्यांतून वेगळा निवडता येत होता. त्यासाठी कान द्यावा लागला नाही.

दोन गाणी झाली. तिसरं सुरू झालं आणि वीज गेली.

सगळे पडदे एकदम काळे. मी उठून उभा राहिलो. "अगं!" असं माझ्या तोंडून मोठ्यानं गेलं. अंधारात कुणीतरी माझा हात धरला. "आजोबा, बसा. येते वीज, रोज जाते एकदा." कॉलेजची पोरगी होती, माझ्याच पोत्याच्या कडेला बसलेली. अर्धा तास आम्ही तिथं बसून होतो. केतकी दारात येऊन माफी मागून गेली. मी रुमालाची गाठ चाचपत बसलो.

वीज आली आणि सगळं परत पहिल्यापासून लागलं. ह्या वेळी तिसरं गाणं पूर्ण आलं. तेच, जे ती गोधडी पिळताना म्हणत होती. त्यातली ओळ अशी आहे: गाडी गेली, धूळ राहिली, सांग तुझं गाव कुठलं. ही ओळ तीनदा येते. पहिल्यांदा सगळ्यांनी बरोबर म्हटली. दुसऱ्यांदा सगळे म्हणाले "गाडी गेली, धूळ राहिली", पण माझी बायको म्हणाली, "गाडी गेली, सांग तुझं गाव कुठलं," आणि एकटीच सगळ्यांच्या पुढं निघून गेली. मग थांबली. ओठ मिटले, मान जराशी कलती केली, दारात उभं राहून मागनं येणाऱ्याची वाट बघावी तशी. बाकीचे ओळ पुरी करून तिच्यापर्यंत पोचले तशी ती परत त्यांच्यात मिसळली.

मी पोत्यावरून पुढं सरकलो. कारण ती जागा माझी होती.

कॅसेट नवी असतानाच आमच्या टेपमध्ये तिची पट्टी गुंतली होती. वीतभर पट्टीचा चोळामोळा झाला. बायको रडायला लागली. मी दाढीच्या पात्यानं तेवढी पट्टी कापली, दोन्ही टोकं चिकटपट्टीनं जोडली, स्क्रू आवळले. कॅसेट वाजली. फक्त त्या जागी दोन शब्द गेले. तेव्हापासून आमच्या घरात ते गाणं तसंच वाजलं. मला वाटायचं तिनं ते दोन शब्द कधीच मनात भरून घेतले असतील, बाहेर लग्नाकार्यात पुरं गाणं ऐकून.

शेजारची पोरगी डोळे पुसत होती. मी म्हटलं, "बाई, ती माझी बायको हाय."

तिनं एकदम माझ्याकडं वळून बघितलं. "आजोबा, मी तिच्यासाठी तिसऱ्यांदा आलेय. आमच्या वर्गातल्या सगळ्या. ती जागा आली की आम्हीपण तिच्यासोबत थांबतो." मग हळूच विचारलं, "आजी नाही आल्या?"

मी मान हलवली. तिला कळलं. 

सगळं संपल्यावर केतकी आली. मी विचारलं, "ती चुकली तर तुम्ही परत का नाय घेतलं?"

"घेतलं ना काका. परत तिथंच पुढं गेल्या. मी म्हटलं, काकू, कानात तर पूर्ण गाणं वाजतंय. तर म्हणाल्या, तुमचं असंल पूर्ण. आमच्या ह्यांनी तिथं पट्टी जोडलीय, आमचं गाणं तिथून असंच जातं."

"आणि थांबली कशाला?"

"तेही विचारलं मी. म्हणाल्या, ती गाणारी मागं राहिली ना. तिला येऊ द्यावं." "मी त्यांना रागावले नाही काका. मला तर तेच आवडलं सगळ्यात."

मी रुमालाची गाठ सोडून पेन ड्राइव्ह तिच्या हातात दिला. म्हटलं, "मला हिचा आवाज दे. फक्त हिचा. मी टीव्हीला लावून ऐकीन."

"देते की. आधी ऐकून बघा, एकट्या काकूंचं." तिनं लॅपटॉप पोत्यावर ठेवला, माझ्या कानाला हेडफोन लावले. बायकोच्या कानाला होते तसेच.

लॅपटॉपच्या पडद्यावर एकटी बायको गायला लागली. आवाज लई जवळ आला, कानात तोंड घालून बोलावं तसा. मला वाटलं झालं आपलं काम. मग ती जागा आली. ती म्हणाली, "गाडी गेली, सांग तुझं गाव कुठलं." आणि थांबली. मान कलती केली. ह्या वेळी मागनं कुणी येईना. पैलवान नाही, नर्स नाही, ती गायिका नाही. नुसती शांतता आणि त्यात ती तशीच बघत बसलेली, कुणाच्या तरी वाटेकडं. मग कुणी न येताच तिनं गाणं पुढं सुरू केलं.

मी हेडफोन काढले.

"नको," मी म्हटलं.

"काका? आवाज नीट नाही का?"

"आवाज नीट हाय. पण घरी नेऊन मी हिला रोज त्या जागी एकटं थांबवू? तिथं कोण येणार हाय तिच्या मागं? हिला ह्या लोकांच्यात राहू दे. पुढं कुठं नेताय?"

"पुण्याला. मग बहुतेक गोव्याला."

"गोवा तिनं बघितला नव्हता," मी म्हटलं. "न्या. ह्या सगळ्यांच्यासोबत न्या. हिला यांच्यातून बाजूला काढायची नाय कधी."

केतकी म्हणाली, "नाही काढणार." आणि पेन ड्राइव्ह परत माझ्या हातात ठेवला. मग खाली वाकून माझ्या पाया पडली. मला त्याची सवय नाही, मी मागं सरलो.

जाण्याआधी मी आणखी एकदा सगळं बसून ऐकलं. ती जागा आली तेव्हा ती कॉलेजची पोरगी, तिच्या दोन मैत्रिणी, आणि दाराशी उभा असलेला वॉचमनसुद्धा, सगळे श्वास धरून थांबले. मीपण थांबलो.

संध्याकाळच्या एसटीनं परत निघालो. शोभा बसस्थानकावर डबा घेऊन आली होती. तिनं विचारलं, "आणला का आवाज?" मी म्हटलं, "नाय. हाय तिथं बरी हाय ती." ती माझ्या छातीला डोकं लावून रडली, गाडी हलेपर्यंत. मग मी खिडकीत बसलो आणि वैजापूर येईपर्यंत बाहेर बघत राहिलो. अंधारात दिसत काहीच नव्हतं. मी आवाज आणायला गेलो होतो आणि हात हलवत परत आलो. तरी जाताना जेवढा रिकामा होतो तेवढा येताना नव्हतो. का, ते मला नीट सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो आणि ती गोधडी धुवायला काढली. चार महिने मी तीच पांघरत होतो आणि धूत नव्हतो. शोभा मशीनमध्ये धुऊन देते म्हणाली होती, मी दिली नाही. न्हाणीघराबाहेरच्या दगडावर तिला साबण लावला, पायानं तुडवली, चार बादल्या पाण्यातून काढली. मग पिळायची वेळ आली.

एक टोक मी खिडकीच्या गजाला गच्च बांधलं. दुसरं हातात धरलं आणि उजवीकडं पीळ द्यायला लागलो. गज काही बोलला नाही. पाणी पायावर आलं. कधी सुरू झालं मला कळलं नाही, पण मी गात होतो. जन्मात गायलो नव्हतो. शेजारची पोरं गच्चीवरून बघायला लागली, बघू दे. गाडी गेली, म्हटलं, आणि माझंही तोंड त्या जागेवरून तसंच पुढं गेलं, सांग तुझं गाव कुठलं.

मग मी थांबलो. पीळ सुटू दिला नाही. गोधडी दोन्ही हातांनी ताणून धरली आणि तेवढा वेळ, वीतभर, तसाच उभा राहिलो.